बुडव्याचे बूड

बुडव्याने आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नव्हता की शब्द बुडवला नव्हता. तरी त्याचे नाव ऐकून नवे शेजारी बिचकत. समोरच्या घरात राहायला आलेल्या गृहस्थाने तर त्याला शिडी उसनी द्यायचेही नाकारले. "नाव बुडव्या आणि म्हणे शिडी द्या," असे तो आपल्या बायकोला म्हणाला ते खिडकीतून ऐकू आले, आणि त्या दिवसापासून बुडव्याने त्या घराशी वैर धरले. वैर धरणे त्याला सोपे जाई. सोडणे जमत नसे.

नाव पडले ते जहाजांवरून. रिमोटवर चालणारी, दीड हात लांबीची जहाजे बागेतल्या तळ्यात सोडतात, त्या जहाजांचा पाण्यात राहणारा भाग तो लाकडातून कोरत असे. वरच्या केबिनी, कठडे, दिवे यांत त्याला काडीचा रस नव्हता. "नटवायचं काम दुसऱ्यांनी करावं," तो म्हणे. "जहाज म्हणजे बूड." नवे बूड तयार झाले की तो ते मागच्या खोलीतल्या पाण्याने भरलेल्या पन्हळीत ठेवी आणि त्यात शिशाचे छर्रे टाकू लागे. आधी मूठमूठ, मग चिमूटचिमूट, शेवटी एकेक. बूड खाली खाली जाई, काठ पाण्याला टेके, आणि कुठल्या तरी एका अंगाने पाणी आत घुसे. ते कुठल्या अंगाने घुसले हे तो डोळ्यांत तेल घालून पाही. "तरंगताना सगळीच शहाणी दिसतात. बुडताना कळतं कोण कुठल्या कुशीला कच्चं आहे." एकदा हा प्रयोग त्याने भर तळ्यावर केला. काठावरची पोरे ओरडली, "बुडवलं! बुडव्यानं बुडवलं!" आणि बारसे झाले.

मूळचा धंदा बुटांच्या फर्म्यांचा. फर्मा म्हणजे लाकडी पाऊल. त्याच्यावर चामडे ताणून बूट शिवतात. उमेदीची सगळी वर्षे त्याने ती पावले कोरण्यात घालवली. बोटांजवळ किती फुगीर, टाचेशी किती गोल, हे त्याला डोळे मिटून समजे. पुढे प्लास्टिकचे फर्मे आले, कारखान्याला कुलूप लागले, आणि बुडव्या पटाशी, कानशी आणि लाकडाचे चार ठोकळे घेऊन घरी आला. पहिल्याच ठोकळ्यातून त्याने बूड काढले. "पाय काय आणि बूड काय," तो बायकोला म्हणाला, "एकाला जमीन घासते, दुसऱ्याला पाणी."

"आणि मला तुम्ही," बायको म्हणाली.

शेजाऱ्यांशी, बागेच्या माळ्याशी, पोस्टमनशी त्याचे वैर होतेच. पण एक वैर असे होते की बाकीची त्याच्यापुढे तोंडी लावण्यापुरती. ते म्हणजे साडूशी, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याशी.

हे साडू टेलर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांची बायको थोरली बहीण, बुडव्याची धाकटी. त्यामुळे नात्याने मास्तर मोठे. पण वयाने बुडव्या मोठा. मग 'अहो' कोणी कोणाला म्हणायचे? पहिल्या भेटीत दोघांनीही वाट पाहिली, की समोरचा म्हणेल. समोरचा म्हणाला नाही. तेव्हापासून दोघे एकमेकांशी तू आणि तुम्ही दोन्ही गाळून बोलत.

"कधी येणं झालं?"

"आत्ताच होतंय."

"बसावं."

"बसलं तरी चालेल, उभं राहिलं तरी चालेल."

घरातली मुले तोंड दाबून हसत, आणि दोघी बहिणी कपाळाला हात लावत. त्यातही बुडव्याला सलणारी गोष्ट निराळीच होती. जग त्यांना मास्तर म्हणे, म्हणून त्यांच्याविषयी बोलताना आपोआप 'ते आले, ते जेवले' असे होई. बुडव्याच्या वाट्याला मात्र 'तो आला, तो जेवला.' एका नावाने माणूस अनेकवचनात जातो आणि दुसऱ्या नावाने एकवचनात राहतो, हा अन्याय त्याने कधी बोलून दाखवला नाही, पण विसरलाही नाही.

लग्नातला त्याचा कोट मास्तरांनीच शिवला होता. डावी बाही आखूड झाली. तक्रार केली तेव्हा मास्तर टेपने मोजून म्हणाले, "बाही बरोबर आहे. हात लांब आहे." लग्नाच्या सगळ्या फोटोंत बुडव्याचा डावा हात पाठीमागे आहे.

एवढ्यावर भागले असते तर दोघे वेगवेगळ्या घरांत सुखाने एकमेकांना शिव्या देत म्हातारे झाले असते. पण दुकान मुलाच्या हाती दिल्यावर मास्तर तळ्यावर आले. तळे म्हणजे बुडव्याची एकुलती एक जागा. तिथे साडू नव्हता, लग्नाचे फोटो नव्हते. मास्तर गळ्यात टेप अडकवून काठावर उभे राहिले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर कापून शिवताही येईल." पुढच्याच महिन्यात ते बूड घेऊन हजर. पातळ प्लायवूडचे तुकडे त्यांनी कपड्यासारखे बेतून कापले होते, कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने टाके घातले होते, आणि शिवणीत रेझिन, म्हणजे वाळून दगड होणारा डिंक, भरून टाके कापून टाकले होते.

"शिवलेलं कधी ना कधी उसवतं," बुडव्या म्हणाला.

"कोरलेलं तडकतं," मास्तर म्हणाले.

"पाहणं व्हावं का, बुडतं कसं ते?" असे म्हणत बुडव्याने खिशातली छर्ऱ्यांची पिशवी त्यात रिकामी केली. बूड खोल पाण्यात मोटर आणि रिमोटच्या यंत्रासकट तळाला गेले. माळ्याच्या दाताळ्याने ते वर काढावे लागले. यंत्र गेले ते गेलेच, पण आत भरलेल्या पाण्यातला एक थेंबही शिवणीतून बाहेर झिरपत नव्हता. ते पाहून बुडव्याला त्या रात्री जेवण गेले नाही.

अशी वर्षे चालली असताना फायबरबाईंनी एक दिवस तळ्यावरच्या शेडमध्ये सगळ्यांना बोलावले. पाण्याच्या टाक्यांची झाकणे, बाथटब असल्या फायबरच्या वस्तू करण्याचा या बाईंचा कारखाना होता. तळ्यावरचे मंडळ त्याच सांभाळत. बोलण्यात तुकडा पाडायची सवय.

"प्रत्येकाचं बूड वेगळं, म्हणून प्रत्येक शर्यतीत भांडण," त्या म्हणाल्या. "आता एकच बूड. मी त्याच्यावरून साचा काढणार. यापुढे तळ्यावरचं प्रत्येक जहाज त्याच साच्यातून निघेल. साचा एकदाच काढणार, परत विचारू नका. उमेदवार दोघेच आहेत, कोण ते सांगायला नको."

कुणी सांगितलेही नाही. सगळ्यांनी दोघांकडे पाहिले, आणि दोघांनी छपराकडे.

बुडव्याला ही गोष्ट जिवाची होती. त्याचे अंगठे गेले होते. जन्मभर कानस दाबून अंगठ्यांचे सांधे इतके झिजले होते की सकाळी शर्टाचे बटण लावायला बायको लागे. डॉक्टरने सांगितले होते, यापुढे कोरणे बंद. कारखान्यातल्या चार ठोकळ्यांपैकी एक उरला होता. त्यातून जे निघेल ते शेवटचे. ते साच्यात गेले तर तो गेल्यावरही पाण्यावर राहील. नाही गेले तर मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेले राहील, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तळ्यावर मास्तरांची शिवलेली पिलावळ फिरेल.

मग त्याने मागच्या खोलीचा ताबाच घेतला. तिथे भिंतीलगत पत्र्याची लांब पन्हळ होती, छपराचे पाणी वाहून नेतात तसली, दोन्ही टोके बंद केलेली. त्यात पाणी. पलीकडच्या टोकाला एक छोटी कप्पी. बुडाच्या नाकाला दोरा बांधायचा, तो कप्पीवरून सोडायचा, त्याला छर्ऱ्यांची डबी लटकवायची. डबी खाली जाई आणि बूड पुढे खेचले जाई. नाकापाशी पाणी जास्त उसळले की तिथे तो कानस फिरवी. पाण्यावर लाकडाचा भुसा टाकी आणि तो कुठे गोल फिरतो ते पाही. जिथे फिरेल तिथले लाकूड तासून काढी. दोन खेपांमध्ये पाणी पूर्ण निवावे लागे.

"पाणी शांत होऊ दे," तो म्हणे.

"पाणी शांतच आहे. घरात अशांत एकच आहे," बायको दारातून म्हणे. "भिंतीला बुरशी आलीय. माझ्या साड्यांच्या कपाटाला वास येतो."

"बुरशी पुसता येते."

"मग पुसा. अंगठे नाहीत म्हणता, तर तळव्यानं पुसा."

आजवर सगळ्या बुडांच्या खाली मधोमध एक बारीक उभी पट्टी सोडायची पद्धत होती. या वेळी दोरा लावला की ती पट्टीच पाण्याला आड येते असे त्याला दिसले. त्याने ती तासून टाकली. डबी सरसर उतरू लागली. मागची बाजू त्याने इतकी निमुळती आणि गुळगुळीत केली, की तळवा फिरवला तर कुठे थांबावे ते तळव्याला कळू नये. असे बूड आपण कधी केले नव्हते हे त्याला कळत होते. तो खूष होता, म्हणजे रोजच्यापेक्षा कमी चिडचिड करत होता.

परीक्षेच्या दिवशी तळ्यावर गर्दी जमली. फायबरबाईंनी एक लांब काठी आणली होती. काठीच्या एका टोकाला एक बूड, दुसऱ्या टोकाला दुसरे, दोन्हींचे वजन छर्रे टाकून सारखे केलेले. काठीच्या बरोबर मध्यावर दोर, आणि तो दोर पलीकडच्या काठावरून कुणीतरी गुंडाळायचा. दोन बैल जसे एका जुवाला जुंपतात तशी ती दोन बुडे चालत. ज्याला पाणी जास्त अडवेल ते मागे राहील, काठी तिरपी होईल, एवढा साधा न्याय. या काठीला सगळे जूच म्हणत.

दोर गुंडाळला जाऊ लागला. आठ-दहा हात काठी सरळ राहिली आणि मग मास्तरांची बाजू मागे पडू लागली. परत केले. परत तसेच. बाजू बदलून केले. तरी तसेच.

"शिवलेलं मागे पडलं वाटतं," बुडव्या सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "टाका ढिला झाला असावा. इस्त्री करून बघावी."

लोक हसले. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, बोटांभोवती गुंडाळला, परत गळ्यात टाकला. मग म्हणाले, "नाकात दोरी घालून ओढलं की गाढवही सरळ चालतं. दोरी सोडून बघावं."

"हरलं की शहाणपण सुचतं."

"थांबा दोघं," फायबरबाई म्हणाल्या. "मास्तर बरोबर बोलतायत. शर्यतीत कुणी दोरीनं ओढणार आहे का? पुढच्या रविवारी मोटर लावून चालवू. मोटर एकच, पंखा एकच, सुकाणू एकच. आधी एका बुडात, मग दुसऱ्यात. पलीकडच्या तरंगत्या लाल डब्याला वळसा घालून परत यायचं."

"ठरलं ना आता? मागे कोण पडलं ते दिसलं ना?"

"तुमचं ठरलं असेल, काका. साचा माझा आहे."

पुढच्या रविवारी आधी मास्तरांचे बूड गेले. हमाल ओझे घेऊन चालावा तसे ते चालले; ना घाई, ना डौल. डब्याला वळसा घातला आणि परत आले. मग मास्तरांनी स्क्रू काढून मोटर, पंखा, सुकाणू बुडव्याच्या बुडात बसवले. बुडव्याचे अंगठे स्क्रूवर चालत नव्हते, म्हणून ते मास्तरांनी केले, आणि बुडव्या त्यांच्या हातांकडे चोरावर नजर ठेवावी तसा बघत राहिला.

त्याने रिमोट हातात घेतला. बूड निघाले. पहिले काही हात ते सरळ गेले. पाण्यावर सुरकुतीही उठली नाही. मग नाक डावीकडे वळले. बुडव्याने सुकाणू उजवीकडे दिले. नाक उजवीकडे आले आणि उजवीकडेच जात राहिले. त्याने परत डावीकडे दिले. आता ते जास्तच डावीकडे गेले. दारू प्यालेला माणूस घराचे दार शोधत फिरावा तसे ते झोकांड्या खात गेले, स्वतःभोवती एक गोल फेरी मारली आणि सिमेंटच्या काठावर नाक आपटून थांबले.

"तू!" तो मास्तरांवर ओरडला. "तू हात लावलास! पंखा तिरका बसवलास तू!"

पंख्याचा आरोप कुणाच्या ध्यानातही आला नाही. सगळ्यांनी ऐकला तो 'तू'. इतकी वर्षे जे तोंडातून निघाले नव्हते ते निघाले.

"तू कुणाला म्हणतोस रे?" मास्तर म्हणाले. "नात्यानं मोठा आहे मी तुझ्याहून!"

"अरे जा! तुला मिसरूड फुटायच्या आधी मी फर्मे कोरत होतो!"

"म्हणूनच पायाला बूट बसत नव्हते लोकांच्या! कारखाना काय उगाच बंद पडला?"

"माझी बाही! माझी बाही आखूड करणारा तू!"

दोघी बहिणी चहाचे थर्मास घेऊन काठावर उभ्या होत्या. थोरली म्हणाली, "अगं, शोभतं का हे या वयात? आवर त्यांना."

"राहू दे ताई," धाकटी म्हणाली. "इतकी वर्षं व्याकरण सांभाळलं. होऊ देत मोकळे."

फायबरबाई भांडणात पडल्याच नाहीत. त्यांनी बुडव्याचे बूड उचलले, पंखा काढून टाकला आणि ते काठाशी शांत पाण्यात ठेवले. नाकाला दोरा बांधून ओढले. सुतासारखे सरळ आले. मग दोरा सोडला आणि मागून एका बोटाने ढकलले. बूड दोन वीत गेले, बोटावरून निसटले आणि आडवे झाले. परत ढकलले. परत आडवे. मास्तरांच्या बुडाखाली शिवणीची धारदार कड होती. ते ढकलले तसे समोर गेले.

"पंखा मागून ढकलतो, काका," त्या म्हणाल्या. "नाक धरून नेत नाही."

बुडव्याने स्वतः वाकून बोट लावले. आडवे झाले. पुन्हा लावले. त्याला फर्म्यांची एक गोष्ट आठवली: टाच नसलेला, तळवा घासून गुळगुळीत झालेला बूट ओल्या फरशीवर असाच मागून सटकतो. त्याने सगळी बुडे बुडवून पाहिली होती, सगळी ओढून पाहिली होती. मागून ढकलून एकही पाहिले नव्हते. पन्हळ इतकी अरुंद, की तिथे फिरायचे म्हटले तरी बुडाला फिरता आले नसते. आणि जी पट्टी त्याला सरळ ठेवत होती ती त्याने आपल्याच अंगठ्यांनी तासून काढली होती.

"मागे शेपटी हवी," मास्तर वरून म्हणाले. "पंख्याच्या पुढे, बुडाखाली, उभी फळी. नाहीतर जन्मभर असंच भिरभिरणार."

"शेपटी कुत्र्याला असते."

"कुत्रं घरी तरी नीट पोचतं."

"शनिवारी मी साच्याचं काम काढतेय," फायबरबाई म्हणाल्या. "सकाळी आधी इथे या. सरळ गेलं आणि वळलं, तर काकांचं. नाहीतर मास्तरांचं. शेपटी लावा नाहीतर शिंग लावा, मला काय."

घरी येऊन बुडव्याने शेपटी करायला घेतली. मास्तर म्हणाले म्हणून नव्हे, हे त्याने बायकोला दोनदा सांगितले. पहिली मोठी केली. आपली जुनी मोटर बायकोकडून बसवून घेऊन दुपारी तळ्यावर कुणी नसताना चालवून पाहिली. बूड तीरासारखे सरळ गेले आणि डब्याशी वळेचना, सरळ जाऊन पलीकडच्या काठाला थडकले. मग ती कापली. जास्त कापली गेली. बूड परत झोकांड्या खाऊ लागले. दुसरी करताना अंगठा दगा देऊन गेला, पटाशी सटकली आणि फळी उभी चिरली. तिसऱ्या वेळी त्याला पटाशी धरताच येईना. तो पन्हळीशेजारी स्टुलावर बसून भिंतीवरच्या बुरशीकडे बघत राहिला.

शुक्रवारी दुपारी आकडसासू आली, म्हणजे मास्तरांची बायको. जुन्या कागदात गुंडाळलेले काहीतरी तिने टेबलावर ठेवले. आत शेपटी होती. प्लायवूडची, कडा घासलेल्या, वरची बाजू बुडाच्या गोलाईला बरोबर बसेल अशी वळवलेली. खडूची निळी रेघ अजून पुसली नव्हती.

"कुणी मागितली?" बुडव्या म्हणाला.

"मला काय विचारता? मी पोस्टमन. ते म्हणाले, एवढीच हवी, याहून मोठी नको, लहान नको. आणि म्हणाले..."

"बोला, बोला. पूर्ण निरोप द्या."

"म्हणाले, ज्याला आयुष्यात स्वतःला वळता आलं नाही, त्याचं बूड तरी वळू दे."

ती गेल्यावर बुडव्याने शेपटी उचलली आणि पन्हळीत फेकली. ती तरंगली. ते पाहून त्याला आणखी राग आला.

"टेपही न लावता, नुसतं डोळ्यानं बघून माप घेतलं त्यानं," तो म्हणाला.

"टेलर आहेत ते. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याची कंबर सांगतात," बायको म्हणाली.

"पण का दिली? न देता जिंकत होता की. उद्या माझं परत भिरभिरलं असतं, साच्यात त्याचं गेलं असतं."

बायको पाण्यातली शेपटी काढून पदराने पुसत होती. "तुम्हाला इतकी वर्षं मास्तर कळले नाहीत. त्यांना जिंकायचं नाहीये हो. त्यांना तुम्हाला मिंधं करायचंय. ही लावली, की साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक जहाजाखाली त्यांची शेपटी. जन्मभर ऐकवतील."

"म्हणजे लावू नको म्हणतेस."

"मी काही म्हणत नाही. मला माझ्या कपाटाचा वास गेला की पुरे."

ती स्वयंपाकघरात गेली. बुडव्याने बूड मांडीवर घेतले. न लावावी, तर हे उद्यापासून खिळ्याला. लावावी, तर जोवर तळ्यात पाणी आहे तोवर मास्तर काठावर उभे राहून म्हणणार, माझ्यामुळे चालतंय. दोन्हींत मरण होते. त्याने मागच्या बाजूवर तळवा फिरवला. तळवा कुठे थांबला नाही. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांची तोंडे काळी केली तर केली; या बुडाने कुणाचे काय केले होते?

त्याने रेझिन कालवले आणि शेपटी बसवली. बसवण्यापूर्वी कानस तळव्यांत धरून तिचा मागचा खालचा कोपरा गोल केला. गरज नव्हती. तेवढे तरी आपले.

शनिवारी सकाळी त्याने कुणाला राम राम केला नाही. मोटर या वेळी फायबरबाईंनी बसवली. बूड सोडले. ते गेले, आणि सरळ गेले. पाण्याला बातमी न लागू देता गेले. डब्यापाशी त्याने सुकाणू दिले आणि ते एका अंगावर किंचित कलून अलगद वळले. परत येताना बुडव्याने रिमोटवरचा हातच काढला. तरी ते त्याच्या पायांशी आले.

"झालं," फायबरबाई म्हणाल्या. "काकांचं. चला कारखान्यात, मेण लावायचंय."

कारखान्यात टेबलावर बूड पालथे ठेवले होते. साचा काढायच्या आधी त्यावर मेण चोळतात, म्हणजे साचा चिकटत नाही. मंडळातले पाचसहाजण भोवती होते, दोघी बहिणीही होत्या. मास्तर पुढे आले. आता शेपटीचे निघणार हे सगळ्यांना माहीत होते. बुडव्यालाही माहीत होते. तो रात्रभर मनात उत्तरे घोळवत होता. 'शेपटी दिलीस म्हणून कुत्रा झालो नाही.' 'एक टाका घातला म्हणजे कोट शिवला होत नाही.' आणखी बरीच होती, एकाहून एक झोंबणारी.

शेपटीच्या गोल झालेल्या कोपऱ्यावर मास्तरांनी बोट ठेवले. "हा कुणी कुरतडला?"

"मी."

"हं." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. वाकले. मागच्या बाजूवर तळवा ठेवून पुढे नेला, नाकापर्यंत, आणि परत आणला. मग सगळ्यांसमोर, रोजच्याच आवाजात म्हणाले, "बूड सुरेख झालंय. माझ्या हातून हे झालं नसतं."

बुडव्याने तोंड उघडले. रात्रभर घोळवलेल्या उत्तरांतले एकही इथे बसत नव्हते. शिवी असती तर परत करता आली असती. याचे काय करायचे ते त्याला कुणी शिकवले नव्हते. सगळे त्याच्याकडे बघत होते. बायकोही बघत होती.

"शेपटी वाकडी कापली होतीस," तो म्हणाला.

मास्तरांचा चष्मा कपाळावरून खाली आला. "कुठे वाकडी?"

"इथे."

"इथे कुठे? लाव पट्टी! कुणीतरी पट्टी आणा रे! तीस वर्षं कात्री चालवली, एक दोरा कधी वाकडा गेला नाही माझा..."

"बाही कुठे गेली होती मग?"

"हात लांब होता तुझा!"

"बाजूला व्हा दोघं," फायबरबाई मेणाचा बोळा घेऊन उभ्या होत्या. "मला मेण लावू द्या."

कुणी हलले नाही. बूड मध्ये ठेवून दोघेही टेबलावर वाकले होते, कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ, एकेक डोळा मिटून. शेपटी ओळंब्यात सरळ होती. बुडव्याला ते पहिल्या नजरेतच दिसले होते.

"ही बघ," तो म्हणाला. "इथून बघ. इथून वाकडी दिसते."